डेलोस: देवाच्या नावावर जगलेलं एक नापीक बेट

मिकोनोस हे ग्रीसमधलं पर्यटकांनी ओसंडून वाहणारं बेट. त्याच्या धक्क्यावरून लाँच धरली की साधारण अर्ध्या तासात डेलोस येतं. लांबी पाचेक किलोमीटर, रुंदी सव्वा किलोमीटर, एवढाच त्याचा पसारा. मधे किंथोस नावाची ११२ मीटर उंचीची टेकडी. बाकी सगळा खडक, काटेरी झुडपं आणि वारा. गोडं पाणी बेताचं, शेतीजोगी जमीन त्याहून कमी. रखवालदार आणि उत्खननाच्या हंगामात येणारे अभ्यासक सोडले तर आज तिथे कुणी राहत नाही. पर्यटकांना मुक्कामाची परवानगी नाही. आलेल्या माणसाने त्याच दिवशी परत फिरायचं.

आणि तरीही इ.स.पू. १०० च्या सुमाराला या खडकावर वीस ते तीस हजार माणसं राहत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इटलीचे सावकार, बैरूतचे व्यापारी, इजिप्तचे पुजारी, यहुदी, सिरियन, आणि विकायला आणलेले असंख्य गुलाम. त्यांची घरं, दुकानं, देवळं, नाट्यगृह, पाण्याच्या टाक्या यांचे अवशेष बेटभर पसरले आहेत. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ १८७० च्या दशकापासून तिथे खोदत आहेत. १९९० मध्ये युनेस्कोने बेटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

जिथे प्यायच्या पाण्याची वानवा, तिथे एवढं शहर कसं उभं राहिलं? बहुतेक माहितीपत्रकांत देवळांची गोष्ट एका पानावर असते आणि बाजारपेठेची दुसऱ्या. मला मात्र डेलोस समजून घेताना ही दोन पानं वेगळी करता येत नाहीत. बेटावर पिकत काही नव्हतं. होतं ते पावित्र्य. त्या पावित्र्यावर बेटाने पोट भरलं, आणि ज्याला ज्याला या समुद्रावर सत्ता हवी होती त्याने त्याच पावित्र्याला हात घातला.

लेटोने दिलेला शब्द

पुराणकथा अशी. ग्रीक देवांचा राजा झ्यूस याच्यापासून लेटो या देवीला दिवस गेले. झ्यूसची पत्नी हेरा भडकली, आणि तिच्या धाकाने एकही प्रदेश लेटोला बाळंतपणासाठी थारा देईना. वणवण करत ती डेलोसला आली. होमरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अपोलोच्या प्राचीन स्तोत्रात यापुढचा प्रसंग मोठा बघण्यासारखा आहे. त्यात लेटो आणि बेट चक्क बोलणी करतात. लेटो म्हणते, माझ्या मुलाला जागा दे, त्याचं देऊळ इथे होऊ दे. तुझ्याकडे ना गुरं वाढणार, ना द्राक्षं पिकणार. पण अपोलोचं देऊळ असेल तर जगभरची माणसं बळी घेऊन इथे येतील आणि परक्यांच्या हातून तुझ्या लोकांचं पोट भरेल. बेटाला भीती वाटते, की हा तेजस्वी देव जन्मताच माझा खडकाळ अवतार बघून लाथ मारेल आणि मला समुद्रात बुडवून दुसरीकडे देऊळ बांधेल. म्हणून ते लेटोकडून शपथ मागतं, आणि लेटो स्टिक्स नदीची, म्हणजे देवांनाही न मोडता येणारी शपथ घेते.

इतक्या जुन्या स्तोत्रात बेटाचं अर्थशास्त्र इतकं स्वच्छ मांडलंय याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. पुढच्या सहा-सातशे वर्षांत जे घडलं ते या बोलण्यात आधीच आहे.

मग कळा सुरू होतात. नऊ दिवस, नऊ रात्री. बाळंतपणाची देवी ऐलेथिया हिला हेराने ऑलिंपसवरच अडकवून ठेवलेलं असतं. शेवटी बाकीच्या देवी तिला नऊ हात लांबीचा हार कबूल करून गुपचूप बोलावून घेतात. ऐलेथियाचं पाऊल बेटावर पडतं, लेटो खजुराच्या झाडाला मिठी मारून गुडघ्यांवर बसते आणि अपोलो जन्मतो. त्याची जुळी बहीण आर्टेमिस हिचा जन्म हे स्तोत्र दुसऱ्या ठिकाणी सांगतं. पुढच्या परंपरेने मात्र दोघांनाही डेलोसवर आणलं, आणि आधी जन्मलेल्या आर्टेमिसने आईचं बाळंतपण केलं असंही सांगितलं.

या कथेतल्या जागा बेटावर दाखवता येत होत्या. जन्माच्या जागेजवळ एक वर्तुळाकार पवित्र तळं होतं. मलेरियाच्या भीतीने १९२५-२६ मध्ये ते बुजवलं. आज तिथे खोलगट मैदान आहे आणि कथेची आठवण म्हणून लावलेलं खजुराचं झाड आहे. त्या तळ्याकडे तोंड करून संगमरवरी सिंहांची एक रांग बसलेली होती. इ.स.पू. सातव्या शतकाच्या शेवटी शेजारच्या नॅक्सोस बेटाने ते सिंह अर्पण केले. अंग सडपातळ, तोंडं उघडी. आता उघड्यावर दिसतात त्या प्रतिकृती आहेत, मूळ सिंह बेटावरच्या संग्रहालयात हलवले आहेत. एक सिंह तर व्हेनिसला पोचला आणि तिथल्या जुन्या आरमारी गोदीच्या दाराशी, नवं डोकं लावून घेऊन, आजही बसलेला आहे.

नॅक्सोसने सिंहांसोबत अपोलोचा सुमारे नऊ मीटर उंच पुतळाही उभा केला. त्याच्या पायथ्याचा अवाढव्य दगड अजून जागेवर आहे. पुतळा आणि पायथा एकाच दगडाचे, असं त्यावर कोरलेलं आहे. एवढा खर्च कशासाठी? भक्ती होतीच. पण त्या काळी ग्रीस हा एक देश नव्हता. शेकडो स्वतंत्र नगरराज्यं होती. एजियन समुद्राच्या दोन्ही काठांवर राहणारे आयोनियन ग्रीक दर वर्षी बायकामुलांसह डेलोसच्या उत्सवाला जमत. गाणी, नाच, मुष्टियुद्ध सगळं चाले. जिथे सगळे आयोनियन बघायला येतात तिथे आपला सिंह बसवला, की समुद्रात वजन कुणाचं हे वेगळं सांगावं लागत नसे. सामोसचा सत्ताधीश पॉलिक्रेटीस याने शेजारचं रेनिया बेट जिंकलं आणि ते साखळीने डेलोसला बांधून अपोलोला अर्पण केलं, असं इतिहासकार थुसिडिडीज सांगतो. बेटाला साखळदंड बांधून देवाला देणं यात श्रद्धा किती आणि मालकीची द्वाही किती, हे ठरवणं अवघड आहे.

सोयर नको, सुतक नको

अथेन्सने जे केलं ते याहून खोल जाणारं होतं.

जन्म आणि मृत्यू या दोन्हींमुळे विटाळ होतो आणि तो देवाला चालत नाही, ही कल्पना सोयर-सुतक पाळणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. प्राचीन ग्रीकांचीही तीच समजूत होती. फरक एवढाच, की आपल्याकडे दहा-बारा दिवसांनी घर शुद्ध होतं. अथेन्सने हा नियम एका अख्ख्या बेटाला कायमचा लावला.

पहिली पायरी इ.स.पू. सहाव्या शतकातली. अथेन्सचा सत्ताधीश पिसिस्ट्राटस याने देवळातून जेवढी जमीन नजरेला पडते तेवढ्यातल्या कबरी उकरून दुसरीकडे हलवल्या. पुढे स्पार्टाशी युद्ध चालू असताना आणि अथेन्समध्ये भीषण साथीने माणसं मेल्यानंतर, इ.स.पू. ४२६-४२५ च्या हिवाळ्यात अथेन्सने बेटावरच्या सगळ्याच कबरी उपसल्या. साथ आणणारा आणि बरी करणारा देव अपोलोच, तेव्हा त्याची मनधरणी हा हेतू असणार. त्याच वेळी फर्मान निघालं: यापुढे डेलोसवर कुणी जन्मायचं नाही आणि कुणी मरायचं नाही. दिवस भरलेल्या बाईला आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला होडीत घालून समोरच्या रेनियावर न्यायचं. मधली खाडी किलोमीटरभराच्या आत आहे, पण तिथला वारा आणि तशा अवस्थेतलं माणूस हे डोळ्यांसमोर आणलं तर त्या नियमाचा खरा अर्थ कळतो.

उपसलेल्या कबरींतल्या वस्तू रेनियावर एका मोठ्या खड्ड्यात पुरल्या होत्या. तो खड्डा १८९८ मध्ये ग्रीक पुरातत्त्वज्ञांना सापडला, आणि त्यातली मडकी, कुंभ आज मिकोनोसच्या संग्रहालयात आहेत. थुसिडिडीजने आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. उकरलेल्या कबरींपैकी निम्म्याहून अधिक आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, कॅरियन लोकांच्या निघाल्या. सोबत पुरलेली शस्त्रं आणि पुरण्याची पद्धत यांवरून ते ओळखू आलं. जमिनीतून निघालेल्या वस्तूंवरून जुन्या वस्तीचा अंदाज बांधण्याचं हे फार जुनं उदाहरण आहे.

दोन कबरी मात्र अथेन्सने हलवल्या नाहीत. अतिउत्तरेच्या दंतकथेतल्या हायपरबोरियन देशातून अपोलो आणि आर्टेमिससाठी नैवेद्य घेऊन आलेल्या आणि इथेच वारलेल्या कुमारिकांच्या त्या कबरी, असं लोक मानत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, की डेलोसच्या मुली लग्नाआधी आपल्या केसांची बट कापून, चातीला गुंडाळून त्यातल्या एका कबरीवर ठेवत. मुलगेही केस वाहत. उत्खननात या जागी खरोखरच फार जुन्या, कांस्ययुगातल्या कबरी सापडल्या. म्हणजे विटाळाच्या नियमालाही श्रद्धेपुढे दोन ठिकाणी माघार घ्यावी लागली.

चार वर्षांनी, इ.स.पू. ४२२ मध्ये, अथेन्सने कळस केला. जिवंत डेलोसकरही अशुद्ध आहेत, त्यांच्याकडून पूर्वी काही पातक घडलं आहे, असं सांगून सगळ्यांना बेटावरून हाकललं. ते आशिया मायनरमध्ये आश्रयाला गेले. वर्षभरात डेल्फी इथल्या अपोलोच्या देवस्थानाचा कौल आला आणि त्यांना परत घ्यावं लागलं. पुढे बेटावरचा आपला हक्क सांगायला गेलेल्या डेलोसकरांना एका स्पार्टनने विचारलं, की तुमच्यापैकी कुणी जिथे जन्मला नाही आणि जन्मणार नाही ती तुमची जन्मभूमी कशी? ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने ही हकीकत टिपून ठेवली आहे. देवाची जन्मभूमी शुद्ध ठेवण्याच्या नावाखाली तिथल्या माणसांची जन्मभूमी काढून घेतली गेली, हे त्या एका प्रश्नात सगळं येतं.

या शुद्धतेचा धागा सॉक्रेटिसपर्यंतही पोचतो. अथेन्सहून दर वर्षी डेलोसला एक पवित्र जहाज जाई. ते परत येईपर्यंत शहरात कुणालाही देहदंड द्यायचा नाही असा नियम होता. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसच्या खटल्याच्या आदल्याच दिवशी त्या जहाजाला हार घातला गेला होता. म्हणून शिक्षा सुनावल्यावरही तो महिनाभर तुरुंगात मित्रांशी बोलत राहिला.

देवाची तिजोरी

शुद्धीकरणाच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली, कारण पैशाचा मामला तिथून सुरू होतो. इ.स.पू. ४९० मध्ये इराणी आरमार ग्रीसवर चालून आलं तेव्हा डेलोसकर घाबरून टिनोस बेटावर पळाले. इराणी सेनापती डाटिस याने त्यांना निरोप पाठवला, की जिथे हे दोन देव जन्मले त्या भूमीला मी धक्का लावणार नाही. त्याने वेदीवर ३०० टॅलंट धूप जाळला. टॅलंट हे वजनाचं माप, साधारण २६ किलोचं. हा आकडा हिरोडोटसचा. आजच्या मापात तो कित्येक टन भरतो. शत्रूही जिथे हात जोडतो त्याहून सुरक्षित तिजोरी कुठली असणार?

म्हणून इराणविरुद्ध ग्रीक राज्यांनी इ.स.पू. ४७८-४७७ मध्ये संघ केला तेव्हा त्याचा खजिना डेलोसला ठेवला. सभाही तिथेच भरत. सुरुवातीची वार्षिक वर्गणी ४६० टॅलंट चांदीएवढी ठरली होती. इतिहासाच्या पुस्तकांत ज्याला डेलोसचा संघ म्हणतात तो हाच. इ.स.पू. ४५४ मध्ये अथेन्सने खजिना आपल्याकडे नेला आणि संघाचं साम्राज्य झालं.

याची साक्ष आजही दगडात उभी आहे. अपोलोच्या प्रांगणात तीन देवळांचे चौथरे शेजारी शेजारी आहेत. सगळ्यांत जुनं इ.स.पू. सहाव्या शतकातलं, छोटं. सगळ्यांत मोठ्याचं, समोर सहा आणि बाजूला तेरा खांब असलेल्या देवळाचं काम संघाच्या काळात सुरू झालं आणि खजिना गेल्यावर थांबलं. त्यानंतर शुद्धीकरणाच्या सुमाराला अथेन्सने दोघांच्या मधे स्वतःचं वेगळं देऊळ बांधलं. अर्धवट राहिलेलं मोठं देऊळ पुन्हा हातात घेतलं गेलं ते इ.स.पू. ३१४ मध्ये डेलोस स्वतंत्र झाल्यावर, आणि तेही पूर्ण तडीस गेलं नाही. देऊळ बांधणं कधी थांबतं आणि कधी सुरू होतं एवढं पाहिलं तरी बेट कुणाच्या ताब्यात होतं ते कळतं.

इ.स.पू. ३१४ ते १६७ ही दीडशे वर्षं डेलोसच्या स्वातंत्र्याची. या काळातली सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे देवस्थानाचे हिशेब. दर वर्षी बदलणारे कारभारी वर्षअखेरीला सगळा जमाखर्च संगमरवरी पाट्यांवर कोरून ठेवत, आणि त्यातल्या पुष्कळ पाट्या सापडल्या आहेत. अपोलोच्या मालकीची शेतं डेलोस, रेनिया आणि मिकोनोसवर होती. ती दहा वर्षांच्या करारावर खंडाने दिली जात. देवाची घरं भाड्याने दिलेली. देवाचा पैसा गावांना आणि माणसांना गहाणावर, दर साल दर शेकडा दहाने, कर्जाऊ दिलेला. खर्चाच्या बाजूला सरपण, डांबर, कागद म्हणून वापरायचा पपायरस, सुतार-गवंड्यांची मजुरी, आणि पुन्हा पुन्हा येणारी एक नोंद: डुकराचं पिल्लू, देवस्थान शुद्ध करण्यासाठी. विटाळाची किंमत अशी पिल्लागणिक खर्ची पडलेली दिसते. देवाचे चांदीचे पेले एकेक तोलून, वजनासकट नव्या कारभाऱ्यांच्या ताब्यात दिले जात. अर्थशास्त्राचे अभ्यासक प्राचीन ग्रीसमधल्या भावांबद्दल आणि मजुरीबद्दल बोलतात तेव्हा पुष्कळदा याच पाट्यांचा आधार असतो.

बेटावर सरपणही बाहेरून येत असे. लाकूड आणि कोळसा जकातीच्या वेळी जो भाव सांगितला त्याच भावाने विकला पाहिजे, असा एक कायदाच दगडावर कोरलेला सापडला आहे. लेटोने शब्द दिल्याप्रमाणे परक्यांच्या हातून पोट भरत होतं खरं, पण चुलीतलं लाकूडही परक्यांचंच होतं.

जकात माफ

मग रोम आलं. इ.स.पू. १६७-१६६ मध्ये रोमने डेलोस अथेन्सला देऊन टाकलं आणि ते करमुक्त बंदर केलं. यामागे र्‍होड्स बेटाची मुस्कटदाबी करण्याचा डाव होता. र्‍होड्सचं बंदराचं उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून (द्राख्मा म्हणजे ग्रीक चांदीचं नाणं) दीड लाखावर आलं, अशी तिथल्या वकिलांची तक्रार इतिहासकार पॉलिबियसने नोंदवली आहे. डेलोसच्या मूळ रहिवाशांना मात्र या भरभराटीत जागा नव्हती. त्यांना पुन्हा एकदा बेटाबाहेर काढलं गेलं, आणि ते ग्रीसच्या मुख्य भूमीवर अकीयाला गेले. इ.स.पू. १४६ मध्ये रोमने कोरिंथ शहर उद्ध्वस्त केल्यावर तिथलाही व्यापार इकडे वळला.

भूगोलकार स्ट्रेबो म्हणतो, की डेलोसच्या बंदरात एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून विकता येत. 'व्यापाऱ्या, नाव लाव, माल उतरव, सगळं विकलं गेलंच समज' अशी त्यावरून म्हण पडली होती. आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सिलिशियाचे चाचे माणसं पकडून आणत, आणि इटलीच्या जमीनदारांना हात हवे असत. ज्या भूमीवर मूल जन्मलं तर देवाला विटाळ होत होता, तिथे आईपासून तोडून आणलेलं मूल विकलं तर होत नव्हता. डेलोसच्या वारशाबद्दल लिहिताना हे वाक्य टाळून पुढे जाणं मला जमत नाही.

आज पर्यटक ज्या घरांचे फोटो काढतात ती या काळातली. डायोनायससच्या घरात वाघावर स्वार झालेल्या पंखवाल्या डायोनायससचं मोझेक आहे. त्यातले रंगीत दगडांचे तुकडे इतके बारीक, की लांबून ते रंगवलेलं चित्र वाटतं. घराघरांत अंगणाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं. साडेपाच हजार माणसं बसतील एवढ्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवरून ओघळणारं पाणीसुद्धा खालच्या भल्यामोठ्या टाक्यात उतरवलेलं. त्याच्या दगडी कमानी अजून शाबूत आहेत. एका घरात अथेन्सची क्लिओपात्रा (इजिप्तच्या राणीचा हिच्याशी काही संबंध नाही) आणि तिचा नवरा डायोस्कुरिडीस यांचे शिरं नसलेले संगमरवरी पुतळे सापडले. खालच्या लेखात क्लिओपात्रा सांगते, की नवऱ्याने अपोलोच्या देवळाच्या दाराशी दोन बाजूंना चांदीच्या दोन तिवया अर्पण केल्या, म्हणून त्याचा हा पुतळा मी उभारला. साल इ.स.पू. १३८-१३७. दान देवळात, आणि त्याची पाटी घराच्या अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

भाड्याच्या खोलीतला देव

इतकी परकी माणसं आली तेव्हा त्यांचे देवही आले, आणि डेलोसचा मला सगळ्यांत आवडणारा भाग हा आहे. सिरियाच्या अटारगाटिस आणि हदाद यांचं देवस्थान, त्याला जोडून छोटं नाट्यगृह. बैरूतच्या व्यापारी संघाची इमारत, तिच्यात त्यांच्या देवांचे गाभारे. किंथोसच्या चढावर इजिप्तच्या इसिस देवीच्या देवळाचा दर्शनी भाग, जो पुन्हा उभा केल्यामुळे खालूनही दिसतो.

इजिप्तच्या सारापिस देवाचं पहिलं देऊळ कसं झालं याची हकीकत एका खांबावर कोरलेली सापडली. ती इ.स.पू. २०० च्या आसपासची आहे. सांगणारा पुजारी अपोलोनियस. त्याचे आजोबा इजिप्तमधल्या मेम्फिसहून आपला देव बरोबर घेऊन आले आणि ९७ वर्षं जगले. त्यांच्यानंतर वडिलांनी पूजा चालवली. देव इतकी वर्षं भाड्याच्या खोलीत होता. मग तो अपोलोनियसच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, मला आता स्वतःचं घर हवं, भाड्याने राहायचं नाही. जागा मी दाखवतो. ती जागा उकिरड्याची होती आणि विकाऊ असल्याची सूचना बाजाराच्या वाटेवर लावलेली होती. व्यवहार झाला, सहा महिन्यांत देऊळ उभं राहिलं. लगेच काही लोकांनी कोर्टात खेचलं. देवाने पुन्हा स्वप्नात येऊन धीर दिला, आणि सुनावणीच्या दिवशी विरोधकांची वाचाच बसली. परमुलखात खोली भाड्याने घेऊन राहिलेल्या कुटुंबाच्या तीन पिढ्या, जागेचा सौदा, शेजाऱ्यांचा विरोध, खटला: हे सगळं त्या खांबावर आहे. पुढे अथेन्सच्या अधिकाऱ्यांनी एका सारापिस पुजाऱ्याला पूजा बंद करायला लावली, तेव्हा तो थेट रोमच्या सेनेटपर्यंत गेला आणि परवानगी घेऊन आला. त्याचीही पाटी आहे.

समुद्राकाठी एका इमारतीत संगमरवरी आसन आणि 'परमोच्च देवा'ला वाहिलेले लेख सापडले. पुष्कळ अभ्यासक तिला यहुदी प्रार्थनागृह, म्हणजे सिनेगॉग मानतात. तसं असेल तर इस्राएलबाहेरच्या सगळ्यांत जुन्या सिनेगॉगांपैकी ते एक ठरतं; या ओळखीबद्दल वाद अजून चालू आहे. तिथून जवळच १९७९ मध्ये दोन लेख मिळाले. ते शोमरोनी (समॅरिटन) या यहुद्यांशी नातं असलेल्या पंथाच्या लोकांचे आहेत, आणि आपण 'पवित्र गरिझिम'ला, म्हणजे पॅलेस्टाइनमधल्या त्यांच्या पवित्र डोंगराला दान पाठवतो असं ते सांगतात. अपोलोच्या बेटावर बसून ही माणसं आपल्या गावच्या डोंगराशी नातं जपत होती.

तटबंदी नसलेलं शहर

इ.स.पू. ८८ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या पोंटसचा राजा मिथ्रिडेटीस याने रोमविरुद्ध युद्ध पुकारलं आणि डेलोस रोमच्या बाजूने राहिलं. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस लिहितो, की बेटाला तटबंदी नव्हती आणि रहिवाशांजवळ शस्त्रं नव्हती. अपोलो असताना ती कशाला, अशीच समजूत होती. मिथ्रिडेटीसच्या माणसांनी बेट लुटलं. बायकामुलांना गुलाम करून नेलं. डेलोस आणि इतर ठाण्यांवर मिळून वीस हजार माणसं मारली गेली, त्यांतले बहुतेक इटलीचे, असा आकडा इतिहासकार अपियन देतो. इ.स.पू. ६९ मध्ये चाच्यांनी उरलंसुरलं लुटलं. त्यानंतर घाईघाईने रोमन अधिकारी ट्रायेरियसने भिंत बांधली, तिचे तुकडे दिसतात.

देऊळ मोडलं म्हणून नव्हे, व्यापाराने वाट बदलली म्हणून डेलोस संपलं. जहाजं आता इटलीच्या बंदरांकडे थेट जाऊ लागली होती. रोमने इ.स.पू. ५८ मध्ये कायदा करून बेटाला करमाफी दिली, पण तिचा फारसा उपयोग झाला नाही. इ.स.च्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस म्हणतो, की अथेन्सने ठेवलेले पहारेकरी काढले तर डेलोसवर माणूस उरणार नाही. नंतर लहानशी ख्रिस्ती वस्ती झाली, चर्चं बांधली गेली, बिशपही होता. तीही गेली. मग शतकानुशतकं आजूबाजूच्या बेटांनी आणि येणाऱ्या जहाजांनी डेलोसची खाण केली. संगमरवर उचलून नेला, पुष्कळसा भाजून त्याचा चुना केला. नॅक्सोसच्या प्रचंड अपोलोचे धडाचे तुकडे देवळांमागे पडून आहेत ते बहुधा नेता आले नाहीत म्हणूनच.

बेट पुन्हा कधी वसलं नाही, म्हणून जमिनीखाली एवढं टिकलं. त्यावर आधुनिक शहर चढलं नाही. आता धोका समुद्राकडून आहे. प्राचीन काळापासून पाण्याची पातळी वर आली आहे, किनाऱ्याची जुनी गोदामं पाण्यात आहेत, आणि खारं पाणी भिंतींच्या बुडाशी शिरून दगड सुटतात. फ्रेंच आणि ग्रीक पुरातत्त्वज्ञ लाकडी टेकू देऊन भिंती सावरत आहेत, पण सगळीकडे एकाच वेळी टेकू लावणं शक्य नाही.

जाणार असाल तर सकाळची पहिली लाँच घ्या, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा. सावली अगदी कमी आहे. सिंहांपाशी गर्दी असते. ती टाळून आधी सारापिसच्या देवळांकडे चढा, तिथून किंथोसच्या माथ्यावर. वरून पश्चिमेला खाडीपलीकडे रेनिया दिसतं, अगदी जवळ. परतताना मिकोनोसच्या संग्रहालयात थांबायला विसरू नका. कबरींमधून उपसलेली मडकी तिथे आहेत, आणि डेलोसच्या सामान्य माणसांचं जे काही उरलं आहे त्यातलं बरंचसं तेच आहे.